खिम मिसचं इंग्रजी

चैत्र संपत आला की खिमकुमारी दुराला एक काम ठरलेलं असायचं. आपला खडू आणि आपला तास कुणातरी गोऱ्या पाहुण्याच्या हाती द्यायचा आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसायचं.

नेपाळच्या डोंगरातल्या ओखरडाँड्याच्या शाळेत ती एकोणीस वर्षं इंग्रजी शिकवत होती. शाळा पाचवीपर्यंतची, चार खोल्यांची. सगळा गाव तिला खिम मिस म्हणायचा. तिचे वडील हिंदुस्थानच्या फौजेत हवालदार होते. निवृत्त होऊन इकडे लमजुङ जिल्ह्यात परतताना त्यांनी देहरादूनहून इंग्रजीचं एक जुनं वाचनपुस्तक आणलं होतं आणि गुरं चारता चारता ते त्यांनी लेकीला तोंडपाठ करायला लावलं होतं. दहावीला ती पहिल्या खेपेला नापास झाली, पण गणितात. इंग्रजीत जिल्ह्यात तिसरी होती, हे ती अजूनही कुणी विचारलं तर सांगायची. आताशा कुणी विचारत नसे.

पाहुणे यायचे ते पोखऱ्याच्या एका संस्थेकडून. ही संस्था बाहेरदेशच्या लोकांना महिना-दीड महिन्यासाठी डोंगरातल्या शाळांवर धाडायची. सात वर्षांत नऊ जण येऊन गेले. माणसं मनाची चांगली होती. पण दरेक जण पहिल्यापासून सुरुवात करायचा : लाल, पिवळा, निळा, मग नाक, कान, डोळे. कान-डोळे झाले की त्याची जायची वेळ यायची. सुरुवातीला निरोपाला सगळी शाळा रडायची. पुढेपुढे फक्त पहिलीतली पोरं रडायला लागली, कारण त्यांना अजून सवय नव्हती.

हे सगळं कशासाठी, तर पोरं टिकावीत म्हणून. डोंगराखालच्या बाजारात एक इंग्रजी शाळा निघाली होती. गळ्यात टाय, पायात काळे बूट आणि पिवळी बस. दर वैशाखात शाळेचं नवीन वर्ष सुरू झालं की ओखरडाँड्याची पाच-सात पोरं त्या बसमध्ये बसून खाली घसरायची. एका वर्षी तर पाचवीत दोनच पोरं उरली होती. तेव्हा हेडसरांनी, तोयनाथ अधिकारींनी, ही युक्ती काढली. भरतीच्या महिन्यात शाळेत गोरा दिसला की आईबाप थबकतात, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

यंदा आला तो साठीचा माणूस. उंच, मान लालभडक, पंजे फावड्याएवढे. पाठीवरची पिशवी खाली ठेवली तेव्हा आत काहीतरी लोखंडी खणखणलं. त्याचं नाव यानुश. तो पोलंडचा होता. हेडसरांनी कागदावरची अक्षरं चष्मा वरखाली करत वाचली आणि नाव झालं जानु. आता नेपाळीत जानु म्हणजे जाणं. गुराँसच्या फुलांचा हार घालून झाल्यावर हेडसर सगळ्या गावासमोर म्हणाले, "हे आपले जानु सर," आणि सगळं मैदान खो खो हसत सुटलं.

"अहो, पोरं जाऊ नयेत म्हणून माणूस आणला, आणि त्याचं नाव काय, तर जा!" बतुली दिदी मागून ओरडली. तिचा धाकटा यंदा पहिलीत जायचा होता, इथे की खाली, ते ठरत नव्हतं.

जानु सरही हसले. कशाला हसतायत हे त्यांना कळलं नव्हतं, पण हसणं बरं वाटलं असावं.

पहिल्या तासाला खिमकुमारी नेहमीप्रमाणे वही घेऊन मागे बसली. जानु सर फळ्यासमोर उभे राहिले. "गुड मॉर्निंग" म्हणाले. पोरांनी उभं राहून उत्तर दिलं. सरांनी घाम पुसला आणि पुन्हा "गुड मॉर्निंग" म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हटलं. मग बराच वेळ खिडक्यांकडे पाहत राहिले. मग दुसऱ्या ओळीतला एक बाक डुगडुगतोय हे त्यांच्या नजरेला पडलं. त्यांनी पोरांना उठवलं, बाक उलटा केला, पिशवीतून हातोडी काढली आणि तास संपेपर्यंत त्याचे पाय ठोकत बसले.

खिमकुमारीला वाटलं, ही काहीतरी नवी पद्धत असेल. मागच्या वर्षीच्या बाईंनी पोरांना डोळे मिटून मैदानभर चालवलं होतं, तीही पद्धतच होती म्हणे. तिने वहीत लिहून घेतलं, 'बाक उलटा करणे,' आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. दुसऱ्या दिवशी दोन बाक झाले. तिसऱ्या दिवशी खिडकीची बिजागरी. वहीत प्रश्नचिन्हं वाढत गेली.

पाहुणे तिच्याच घरी उतरायचे. तिसऱ्या संध्याकाळी चुलीपाशी मक्याच्या पिठाचा घट्ट ढिंडो आणि गुन्द्रुकची, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याची भाजी वाढलेली असताना जानु सरांनी ताटाला हातच लावला नाही. खिमकुमारीकडे बघून एकेक शब्द शोधत ते इंग्रजीत म्हणाले, "मिस. मी... सुतार. इंग्रजी... थोडं. फार थोडं."

"काय म्हणतोय गं बुहारी?" तिच्या सासूने विचारलं. "ढिंडो नको म्हणतोय? भात टाकू का?"

"थांबा आमा."

त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. संस्थेचाच होता. खिमकुमारीने दोनदा वाचला. यानुश यांनी बांधकामासाठी नाव दिलं होतं. शाळांना संडास बांधायचे, छपरं घालायची, असलं काम. इंग्रजी शिकवायला दुसरंच कुणीतरी निघालं होतं आणि पोखऱ्यात बसमध्ये बसवताना अदलाबदल झाली होती.

"मग पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंत?" तिने इंग्रजीत विचारलं.

त्यांना प्रश्न कळायला वेळ लागला. मग त्यांनी दोन्ही हातांनी गळ्याभोवती हार दाखवला, मग मैदानातली माणसं दाखवली, आणि खांदे पाडले.

रात्री अंथरुणावर तिने नवऱ्याला सांगितलं. रेशमबहादुर गावची भाताची गिरणी चालवायचा, दिवसभराच्या घरघरीने त्याला जरा कमी ऐकू यायचं. "म्हणजे गोऱ्याला इंग्रजी येत नाही?" तो म्हणाला. "असं कसं होईल? तुला येतं आणि गोऱ्याला येत नाही?" आणि कूस बदलून झोपला. खिमकुमारीला हसावं की रागवावं ते कळेना. खरं म्हणजे तिलाही आतून तेच वाटत होतं, असं कसं होईल?

सकाळी तिने हेडसरांना गाठलं. ऐकताऐकता त्यांचा चहा हातातच निवला.

"हळू बोला मिस, हळू बोला!" त्यांनी खिडकी लावून घेतली आणि पोखऱ्याला फोन लावला. बराच वेळ हो हो, बरं बरं झालं. फोन ठेवून म्हणाले, "दुसरी बाई आहे. गोरखाकडच्या एका गावात दगड वाहतेय म्हणे. तीन आठवडे तरी अदलाबदल जमणार नाही."

"मग तीन आठवडे मी शिकवते."

"आणि भरती? ती याच तीन आठवड्यांत आहे." हेडसर खुर्चीत बसले, पुन्हा उठले. "असं करू. तुम्हाला येतंय ना? तुम्ही त्यांना सांगा, ते पोरांना सांगतील."

"हेडसर, मग मीच सांगते की पोरांना!"

"मिस, तुम्ही गेली एकोणीस वर्षं सांगताच आहात," हेडसर म्हणाले. वाईट हेतूने नाही म्हणाले. रजेचा अर्ज वाचावा तसं म्हणाले. पण ते शब्द घेऊन ती वर्गात गेली आणि दिवसभर ते तिच्याबरोबर राहिले.

दुसऱ्या सकाळपासून सुरू झालं. ती धाऱ्यावर पाणी भरायला जायची, जानु सर मागोमाग दुसरा घडा घेऊन. धाऱ्याच्या कठड्यावर बसून ती त्या दिवसाचा धडा म्हणायची. धिस इज माय हॅण्ड. व्हॉट इज इन युअर हॅण्ड? जानु सर तो आपल्या भाषेच्या अक्षरांत लाकडाच्या एका ढलपीवर सुताराच्या पेन्सिलीने उतरवून घ्यायचे, ओठ हलवत पाठ करायचे. चुकलं की रंध्याने ढलपी तासून पुन्हा लिहायचे. असा विद्यार्थी तिला आजवर मिळाला नव्हता.

आणि हा विद्यार्थी प्रश्न विचारायचा. इथे असं का, तिथे तसं का? कुठे 'डू', कुठे 'डझ', हे कशावरून ठरतं? एकोणीस वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. वडिलांनी जसं सांगितलं तसं ती सांगत आली होती. "ते तसंच असतं," ती म्हणायची, आणि मग दिवसभर मनाशी घोळवत राहायची की ते तसंच का असतं. एका सकाळी तिला उत्तर सापडलं तेव्हा घडा भरून वाहतोय हेही तिच्या ध्यानात आलं नाही.

वर्गात जानु सर आता फळ्यासमोर ताठ उभे राहायचे आणि खणखणीत आवाजात तिची वाक्यं म्हणायचे. तिचे शब्द, तिचे हेल, प्रश्नाच्या शेवटी आवाज वर न्यायची तिची लकबसुद्धा. मागच्या बाकावर बसून खिमकुमारी स्वतःलाच ऐकायची, फक्त जाड, घोगऱ्या आवाजात. कधी छातीत काहीतरी फुलल्यासारखं वाटायचं. कधी वाटायचं, उठून बाहेर निघून जावं. दोन्ही एकाच तासात व्हायचं, म्हणून तिला कळेनासं व्हायचं की आपल्याला नक्की काय होतंय.

शुक्रवारी हेडसरांनी आईबापांना बोलावलं. बायका खिडक्यांत दाटीवाटीने उभ्या राहिल्या, पदरात भाजलेले मके आणि भटमासाचे दाणे, चावणं चालूच. पोरं एका सुरात बोलत होती. बतुली दिदीचा धाकटा दाराशी उभा राहून त्यांच्याबरोबर तोंड हलवत होता.

तास सुटल्यावर बतुली दिदी म्हणाली, "ऐकलंस ना मिस? याला म्हणतात इंग्रजी! कसं स्वच्छ, एकेक शब्द वेगळा. राग मानू नकोस, पण तू शिकवायचीस तेव्हा काही कानात शिरायचंच नाही बघ."

"तेच तर शिकवत होते, दिदी."

"तेच कसं असेल?" बतुली दिदीने तिच्या हातावर मूठभर मके ठेवले. "खा. फार बारीक झालीस."

त्याच दुपारी तिसरीतली सुनमती तिच्या मागे मागे धाऱ्यापर्यंत आली. ही पोर वर्गात फारशी बोलायची नाही. "मिस," ती म्हणाली, "जानु सरांना तुमचं इंग्रजी येतं."

खिमकुमारी थबकली. "म्हणजे?"

"म्हणजे तुमचंच येतं. दुसरं येत नाही. मी त्यांना खाऊच्या सुट्टीत पाऊस येणार का विचारलं, त्यांना कळलंच नाही."

"कुणाला सांगू नकोस," खिमकुमारी चटकन म्हणून गेली, आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली. पोरीला आपण खोटं झाकायला शिकवतोय की शहाणपण शिकवतोय, हे तिला ठरवता येईना. सुनमतीने मान डोलावली आणि उड्या मारत निघून गेली, जणू काही फार मोठी गोष्ट नव्हतीच.

भरती संपली तेव्हा चौदा नवी पोरं आली होती. त्यातली दोन तर पिवळ्या बसमधून उतरून परत आलेली. बतुली दिदीचा धाकटाही इथेच राहिला. हेडसर आनंदाने नुसते या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. सगळे बाक सरळ उभे होते, खिडक्या नीट लागत होत्या, पण त्याबद्दल हेडसरांनी चकार शब्द काढला नाही. इंग्रजीचा मास्तर हातोडी चालवतो हे कुणाला कळायला नको होतं.

आणि मग खरी बाई आली.

तिचं नाव कर्स्टी. चोविशीची असेल, केस तांबूस, तळहातांवर दगडांचे घट्टे. स्कॉटलंडची. म्हणजे जन्मापासून इंग्रजीच बोलणारी. खिमकुमारी तिला आणायला फाट्यापर्यंत गेली होती. वाटेने मनात वाक्यं जुळवत होती : प्रवास कसा झाला, वाटेत काही खाल्लंत का. कर्स्टी बसमधून उतरली, हसली आणि भडाभडा बोलायला लागली.

खिमकुमारीला एक शब्द कळला नाही.

एकही नाही. तिला वाटलं ही दुसरीच कुठली भाषा असेल. मग मध्ये कुठेतरी 'बस' ऐकू आलं, 'टायर'सारखं काहीतरी ऐकू आलं. हे इंग्रजीच होतं. एकोणीस वर्षं ती जे शिकवत आली होती ते हेच होतं म्हणे. ती चढणीवर मान हलवत राहिली, हो, हो, आणि घरी पोचेपर्यंत तिचं डोकं भणभणत होतं. आपल्याला इंग्रजी येतं की येत नाही? दोन दिवसांपूर्वी तिने एका गोऱ्याला शिकवलं होतं. आज दुसरीचं तिला कळत नव्हतं. मग मधे आपण आहोत तरी कुठे?

वर्गातही तेच. कर्स्टी उत्साहाने बोलायची आणि पोरं आ वासून बघत बसायची. खिडकीतल्या बायकांनी पाच मिनिटं ऐकलं आणि निकाल देऊन टाकला.

"हिचं जरा कच्चंच वाटतंय," बतुली दिदी म्हणाली. "जानु सरांसारखं नाही. घाईघाईत अर्धं गिळते."

हेडसरांनी खिमकुमारीला बाजूला घेतलं. "मिस, तुम्हाला समजतंय ना हिचं?"

ती पदराला लागलेला खडू झटकत राहिली. हेडसरांनीही पुन्हा विचारलं नाही.

दोन दिवसांनी जानु सर निघायचे होते. आदल्या दुपारी कर्स्टी खिमकुमारीशेजारी पायरीवर येऊन बसली. यावेळी तिने शब्द एकेक करून, लांबवून, फळीवर भांडी मांडावी तसे मांडले. ती म्हणत होती, की मला कळतंय, तुम्हाला माझं कळत नाही. माझ्या गावाबाहेर गेलं की माझं कुणालाच कळत नाही, लंडनमध्येसुद्धा हसतात. आणि खरं सांगू, मला दगड वाहण्यातच मजा येत होती.

खिमकुमारीने विचारलं, "मग खरं इंग्रजी कुणाचं?"

कर्स्टीने बराच विचार केला आणि खांदे उडवले. त्याने खिमकुमारीचं समाधान झालं नाही. एवढं तरी हिला माहीत असायला हवं होतं, असं तिला वाटलं.

निरोपाला सगळा गाव जमला. जानु सरांच्या गळ्यात पुन्हा हार, कपाळावर टिळा. पहिलीतली पोरं रीतीप्रमाणे रडायला लागली होती. जानु सर उभे राहिले आणि खिमकुमारीने बसवून दिलेली वाक्यं म्हणू लागले. शाळा सुंदर आहे. मुलं गुणी आहेत. मी तुम्हाला विसरणार नाही. हेडसर एकेक वाक्य गावाला उलगडून सांगत होते. मग सर थांबले, आणि न शिकवलेलं एक वाक्य म्हणाले. इंग्रजीत, सावकाश, हात खिमकुमारीकडे करून : "खिम मिस माझी शिक्षिका आहे. मी इंग्रजी तिच्याकडून शिकलो. मुलांनो, तुमची खरी शिक्षिका तीच."

खिमकुमारीने पदर सारखा केला. शेजारी कर्स्टी टाळ्या वाजवायला लागली.

हेडसर गावाकडे वळले. "सर म्हणतात," ते म्हणाले, "खिम मिसने जेवणखाण फार छान सांभाळलं."

गावाने टाळ्यांचा कडकडाट केला. सासू ताठ होऊन बसली, कारण ढिंडो तीच करायची. सुनमती तेवढी खिमकुमारीकडे टक लावून बघत होती.

हेडसरांना ते वाक्य कळलंच नव्हतं, की कळून त्यांनी फिरवलं, हे तिला आजही ठाऊक नाही. कित्येकदा विचारायचं ठरवलं. पण कळलं नव्हतं असं ते म्हणाले तर त्यांची शोभा, आणि कळलं होतं म्हणाले तर पुढे काय बोलायचं? म्हणून राहून गेलं.

कर्स्टी आणखी महिनाभर राहिली. तिने पोरांना शिकवलं कमी आणि खिमकुमारीचे तास ऐकले जास्त. ती गेल्यावर एकदा गिरणीवर भात कांडायला आलेल्या बायकांना खिमकुमारीने सरळ सांगून टाकलं. "जानु सर सुतार होते. ते बोलत होते ते सगळं मी शिकवलेलं."

मग बतुली दिदी पोट धरून हसायला लागली. "अगं बाई! गोऱ्याला इंग्रजी हिने शिकवलं! उद्या म्हणशील, माशाला पोहायला मी शिकवलं!" सगळ्या हसल्या. त्यांचं हसणं इतकं खरं होतं की खिमकुमारीलाही हसू आलं. तोंडावर पदर धरून तीही हसत राहिली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. घरी आल्यावर तिला उमगेना की आपण कशाला हसलो.

पुढच्या चैत्रात हेडसर संस्थेचं पत्र घेऊन आले. नवा पाहुणा, यावेळी ऑस्ट्रेलियाचा. खिमकुमारी फळा पुसत होती. पुसता पुसताच म्हणाली, "येऊ देत. पण तास माझा असेल. हवं तर ते मागे बसतील."

"अहो, पण भरती... आईबापांना काय सांगू?"

"सांगा, मिस शिकवते."

हेडसरांनी डोकं खाजवलं. शेवटी आठवड्याचे तीन दिवस तिचे, तीन दिवस पाहुण्याचे, असं ठरलं. त्या वैशाखात नऊच पोरं आली. तिच्यामुळे कमी आली, की त्याच सुमारास डोंगराखाली नवी सडक झाली त्यामुळे, यावर हेडसरांचं आणि तिचं एकमत झालं नाही. आपण बरोबर केलं का, हे ती स्वतःलाही छातीठोक सांगू शकत नव्हती. तीन दिवस परत द्यावेत असं मात्र तिला एकदाही वाटलं नाही.

आताही ती शिकवते. कधीकधी एखादं वाक्य म्हणताना मधेच अडते. हा उच्चार वडिलांचा, की कर्स्टीचा, की आपला, असं काहीसं मनात येतं आणि पुढचा शब्द जिभेवर येत नाही. पोरांना वाटतं, मिस विसरल्या. मग तीच पुढचा शब्द सांगतात, आणि बहुतेक वेळा तो बरोबर असतो.